घामावरचं पाणी

नवऱ्याचं नाव घेऊ न्हाय म्हणत्यात. मी घेते. बिरदेव. घ्या, घेतलं. लग्नात उखाण्यात गुंफून लाजत लाजत घेतलं हुतं, आता सरळ घेते, चारचौघांत घेते. आधी ‘त्येंनी’ म्हणायची, आता ‘तो’ म्हणते. बायका म्हणत्यात, मायाक्का, जीभ आवर. का आवरू? ज्यानं आवरायची न्हवती त्यानं आवरली, तितं कुणी बोललं न्हाय.

आमी मूळचं सांगोल्याकडचं. मेंढरं हुती. एका उन्हाळ्यात निम्मी गेली, उरलेली दिराच्या वाट्याला दिली आन् आमी दोगं सोलापूरला आलो. बिरदेव सायकलीच्या दुकानात लागला. पंक्चर काढायचं, चाकाच्या तारा आवळायच्या, भाड्यानं नेलेल्या सायकली हुडकून आणायच्या. मला काम मिळालं पाणपोईवर. आडतवाले मल्लिकार्जुनअण्णा दर चैताला अक्कलकोटच्या सडकंला लिंबाखाली पाणपोई घालायचे, शहरापासनं दोन कोसांवर. वाळूत पुरलेलं रांजण, वर ओलं पोतं, कुडाचा आडोसा आन् मी. येईल त्याच्या हातावर आधी गुळाचा खडा ठेवायचा, मग ओंजळीत धार धरायची. ऊन उतरंपतोर हेच काम, आन् लई आवडीचं काम. तहानलेला माणूस प्याल्यावर तोंड वर करून बघतो ना, तसं देवाकडं बी कुणी बघत न्हाय.

शेजारच्या खोलीत जुलेखाबी राहायची. विधवा बाई. तिचा एकुलता ल्योक मकदूम बापाचा टांगा हाकायचा. सकाळच्या सवाऱ्या घेऊन तो त्याच वाटंनं जायचा, तवा मला पाणपोईवर उतरवायचा आन् सांजच्याला परत आणायचा. मला वहिनी म्हणायचा. सगळ्या वाटंनं नुसती टकळी चालू. घोड्याशी बोलायचा, सवारीशी बोलायचा, माझ्याशी बोलायचा. उतरताना एक तांब्या प्यायचा आन् मिशा पुसत म्हणायचा, “वहिनी, तुमच्या हातचं पाणी म्हंजे काय सांगू, मेलेला माणूस उठून बसंल की!”

मी म्हणायची, “मुडद्या, सकाळच्या पारी मरणाचं काय बोलतोस!”

तर ह्यो मकदूम. त्याला नीट ध्यानात ठिवा.

आता वस्तादाचं सांगते. सिद्धलिंगप्पा वस्ताद. आमच्या पेठंतली तालीम त्याची, बिरदेव आन् मकदूम दोगं बी तितं जायचे. अंगानं दांडगा, कानात बाळी, खांद्यावर कायम पंचा. माणूस वाईट न्हवता, हे बी सांगते, कारण खोटं बोलायला मला जमत न्हाय. न्हवतं जमत. पोरांना बदाम स्वतःच्या खिशातनं घालायचा. पण त्याचा एक कायदा हुता: घामावर पाणी न्हाय. कुस्ती झाली, अंग निथळायला लागलं, की अंग सुकंपतोर घोटभर बी मिळायचं न्हाय. घामावर पाणी प्यालं की त्ये छातीत उतरतं, रग मारतं, काळजाला धरतं, असं त्याच्या वस्तादानं त्याला सांगितल्यालं, आन् त्याला त्याच्या वस्तादानं. एखादं पोर मडक्याकडं सरकलं की तो कानडीत गरजायचा, “नीरु बेड!” पाणी नको. सगळी तालीम थिजायची.

तालमीत हे चालून जायचं. घाम पुसला, घटकाभर बसलं, मग पाणी. त्यानं कुणी मरत न्हवतं. पण पुढं शहरात सायकली लई झाल्या, आन् तालमी तालमीत कुस्तीवानी सायकलीच्या शर्यती लागायला लागल्या. सोलापुरातनं निघायचं, अक्कलकोटला मठाच्या पायरीला हात लावायचा आन् परत सोलापूर. महिना चैताचा. वस्तादानं तालमीचा कायदा उचलला आन् तसाच सडकंवर नेला. आता मला सांगा, चैताच्या उन्हात सायकल मारणाऱ्या माणसाचा घाम सुकायचा कवा? आन् तो सुकला न्हाय तर त्यानं प्यायचं कवा? एवढं साधं कुणी इचारलं न्हाय. वस्तादाला कोण इचारणार?

शहरात मार्शल लॉ लागून गेला, त्याच्या पुढल्या सालची गोष्ट. वस्तादानं तालमीकडनं बिरदेवाला उतरवलं. पैल्या येणाऱ्याला एका गिरणीचे साहेब चांदीचा पेला देणार हुते, आन् वर गिरणीत सायकलवरच्या पट्टेवाल्याची जागा. खाकी डगला, छातीवर पितळी बिल्ल्याचा पट्टा, बसायला सायकल. बिरदेव रात-दिस त्या पट्ट्याचंच बोलायचा. पंक्चर काढून काढून त्याच्या बोटांची सालपटं निघाली हुती, तवा मला बी वाटायचं, मिळू दे बाबा.

शर्यतीदिशी जाताना सगळे घोळक्यानं गेले, घंट्या वाजवत, माझ्याकडं बघून हसत. परत येताना हसू कुटलं. सूर्य डोक्यावर आला हुता आन् सडकंची खडी भाजत हुती. पैला एक गडी गेला, मग दुसरा, दोगं बी दुसऱ्या तालमींचे. पाणपोईकडं त्यांनी मान बी वळवली न्हाय, कारण कायदा सगळ्या तालमींचा एकच. मग मागनं बिरदेव आला. सायकल सडकंच्या ह्या कडंवरनं त्या कडंला जात हुती. डोळं उघडं, पण बघत कुटंच न्हवतं.

मी सडकंच्या मधी उभी राहिले. म्हणलं, “उतरा.”

“वस्ताद...”

“वस्ताद हितं न्हाय. मी हाय. उतरा म्हणते ना!”

उतरला म्हंजे पडलाच. गुडघ्यावर बसला. गुळाचा खडा दिला, त्यो चावायला बी त्वांड ओलं न्हवतं. मग दमादमानं पाणी पाजलं. आधी घोटभर, मग ओंजळभर, मग तो तांब्याच वढून घ्यायला लागला. डोक्यावर वतलं, मानंवर वतलं. हळूहळू त्याच्या डोळ्यांत माणूस परत आला. सडकंवर मागं-म्होरं कुणी न्हवतं. उठला, माझ्या पदरानं डोकं पुसलं, मिशी पुसली, आन् वाकून चिमटीत धूळ घेऊन ओठाला लावली. मला हसू आलं. म्हणलं, काय सोंगाड्या गडी हाय! ऊन असं हुतं की अंगावरचा सदरा शहर यायच्या आत कोरडा खडंग झाला असंल.

म्होरचे दोगं कोरडेच हुते. नाक्याच्या अलीकडं बिरदेवानं दोघांना बी मागं टाकलं.

सांजच्याला मकदूमच्या टांग्यातनं मी तालमीपाशी उतरले, तर ही गर्दी! बिरदेव वस्तादाच्या खांद्यावर, कपाळाला गुलाल, हातात पेला. वस्ताद सगळ्यांना ओरडून सांगत हुता, “बगा रे! जिभंला थेंब न लावता आलाय! इचारा त्याला! काय रे बिऱ्या, प्यालास?”

“थेंब न्हाय, वस्ताद,” बिरदेव म्हणाला.

मी पुढं झाले. भोळेपणानं बोलले बगा, कौतुकानंच. म्हणलं, “अवं मी पाजलं की! तांब्याभर! डोक्यावर बी वतलं!”

वस्तादानं वर बघितलं. खांद्यावर बसलेल्या माझ्या नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं आन् मोठ्यानं हसला. म्हणाला, “दिसभर उन्हात बसती ती. हिला ऊन लागलंय!”

सगळी तालीम खदखदा हसली. कुणीतरी म्हणलं, मायाक्काला पाणी पाजा रे. एकटा मकदूम हसला न्हाय. तो टांग्यावर बसून माझ्याकडं बघत हुता.

घरी आल्यावर मी भांडले. त्यानं आधी दार लावलं. म्हणाला, “अगं, वस्तादानं साहेबाला शब्द दिलाय माझ्यासाठी. त्याला तोंडघशी पाडू व्हय? पट्टा पायजे का न्हाय तुला?”

“पट्टा पायजे. खोटं कशाला पायजे?”

“कुणाचं काय बिघडलं गं? एक घोट पाण्याची गोष्ट.”

एक घोट पाण्याची गोष्ट. हे शब्द मी जपून ठेवलेत.

पट्टा मिळाला. पेला आमच्या फळीवर बसला. दर सणाला मी तो राखेनं घासायची, पण त्यात कुणी कवा पाणी प्यालं न्हाय. आन् वस्तादाचा कायदा? आधी तो नुसता कायदा हुता, आता त्याला पुरावा मिळाला. कुणी पोरगं कुरकुरलं की वस्ताद म्हणायचा, “बिरदेवाकडं बग. बिरदेव कसा आला?” मी ज्याला त्याला सांगत फिरले, की अवं खोटं हाय ते, मी पाजलंय, ह्या हातांनी. नळावर सांगितलं, बाजारात सांगितलं. बायका तोंडाला पदर लावायच्या. म्हणायच्या, नवऱ्याचं नाव झालं तर हिच्या पोटात दुखतंय. अशी कशी गं तू? मी तरी काय करणार, भिंतीवर डोकं आपटू?

आखाडात मकदूमचा घोडा मेला. पोट फुगलं आन् सकाळी तो तबेल्यात ताठ पडलेला. जुलेखाबी माणूस गेल्यागत रडली. पोरगं मालधक्क्यावर पोती उचलायला जायला लागलं. पाठ सोलवटून घरी यायचं, तरी मला बघितलं की म्हणायचं, “वहिनी, आता मीच घोडा!” आन् एक दिस माझ्या दारात येऊन म्हणाला, “वहिनी, औंदा मी शर्यतीत उतरणार. गिरणीत अजून एक जागा निघालीय. पट्टा मिळाला की अम्मीला बसून खाऊ घालीन.”

मी म्हणलं, “उतर की. फकस्त येताना माझ्याकडं थांब आन् पाणी पी.”

तो घुटमळला. म्हणाला, “वस्ताद म्हणत्यात, घामावर...”

“वस्तादाला मरू दे. मी त्याला पाजलं, तवा तो जिंकला. तू हुतास की तितं, मी बोलले तवा.”

“हुतो. मला तुमचं खरं वाटतं, वहिनी. पण बिरूभाऊ तर न्हाय म्हणत्यात.”

आन् कपाळ बगा आमचं! वस्तादानं मकदूमला शिकवायला बिरदेवालाच लावलं. रोज पहाटं दोगं सायकली घेऊन हैद्राबादच्या सडकंला जायचे. पोरगं परत यायचं तवा ओठ फुटलेलं असायचं, आन् माझा नवरा पट्टा चढवत त्याला सांगायचा, “सवय हुती. पैलं चार दिस जड जातं, मग तहान लागतच न्हाय.” दारात उभी राहून मी ऐकायची आन् माझ्या अंगाची लाही व्हायची. आत आला की म्हणायची, “सांगा त्याला. अजून येळ हाय. नुसतं एकट्या त्यालाच सांगा.”

“आन् त्यानं वस्तादाला सांगितलं तर? वस्ताद साहेबाला सांगंल. माझा पट्टा जाईल. मग काय पुन्यांदा पंक्चरं काढू? तो पैलवान गडी हाय, त्याला काय हुतंय!”

शर्यत दोन दिसांवर आली, तवा मला राहवलं न्हाय. दुपारच्या जेवणाला बिरदेव घरी आला हुता. मी शेजारनं मकदूमला हाक मारली, आत बसवला, भाकरी वाढली, आन् दोगांच्या मधी बसले. म्हणलं, “मकदूम, आता ह्येंच्या तोंडावर इचार. काय इचारायचं ते इचार.”

पोरानं हातातला घास खाली ठेवला. लई अदबीनं म्हणाला, “बिरूभाऊ, मी कुणाला बोलणार न्हाय. वस्तादांना तर न्हायच न्हाय. खरं सांगा. गेल्या साली वहिनीनं पाजलं का तुमाला?”

मी बिरदेवाकडं बघत हुते. त्याच्या कपाळावर घाम आला. वाटलं, सांगतोय आता. ओठ हालले बी. मग त्यानं अंगावरचा पट्टा चाचपला आन् म्हणाला, “न्हाय.”

“अवं!” मी ओरडले.

“बिरोबाची आण,” तो म्हणाला. “थेंब बी न्हाय.”

बिरोबाची! ज्याच्या नावानं ह्याचं नाव ठिवलं, ज्याच्या म्होरं ह्याच्या आईनं नवसाचा बकरा सोडला, त्या देवाची! आमच्यात मेंढरू हरवलं, चोरीला गेलं, भावाभावांत वाटणी फाटली, तरी बिरोबाची आण घेतली की भांडण तितंच संपतं. खोटी आण घेतली तर मेंढरांचा वाडाच्या वाडा मरतो म्हणत्यात. मकदूमला हे सगळं ठावं हुतं. आमच्याच शेजारी वाढल्यालं पोर. त्याचा चेहरा मोकळा झाला, डोक्यावरचं वझं उतरल्यावानी. मला म्हणाला, “झालं, वहिनी. आता भाऊंवर नका रागावू. भाऊंनी आण घेतली.” आन् भाकरी खायला लागला. मी आण घेतली असती, पण बाईच्या आणंला कोण इचारतंय?

शर्यतीदिशी मी पहाटंच चालत पाणपोईवर गेले. दोन रांजणं भरली, पोती भिजवली. गुळाचा मोठा खडा फडक्यात बांधून कमरंला खवला. जाताना मकदूम सगळ्यांच्या म्होरं हुता. मला बघून दोन्ही हात सोडून सलाम केला. येडं पोर!

ऊन गेल्या सालापरीस जास्त हुतं. वारं बी न्हवतं. परतीच्या येळंला मी सडकंवर जाऊन उभी राहिले, हातात भरलेली कळशी. तो लांबनं दिसला. एकटाच. मागं कुणी दिसत न्हवतं, एवढा म्होरं हुता. मला आधी बरं वाटलं. मग जवळ आला तसं बघितलं. त्याच्या अंगाला घामच न्हवता. तोंड लालभडक, कातडं कोरडं ठक्क. घाम सुकला हुता बगा. वस्तादाचा कायदा पाळून झाला हुता, आता प्यायला हरकत न्हवती.

मी हँडल धरलं. म्हणलं, “उतर.”

त्यानं एक पाय टेकला. मला वळखायला त्याला जरा येळ लागला. “वहिनी,” म्हणाला. आवाज फाटल्या कापडाचा. “आता जवळच हाय. सोडा.”

“पी आन् जा. कोण बघत न्हाय. मकदूम, माझ्या राजा, घोटभर पी.”

“भाऊंनी... आण घेतली. भाऊ न पिता गेले.”

“खोटी आण घेतली रे त्यानं! खोटी!”

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की माझीच कीव येतीय. “भाऊंना असं म्हणू नका,” म्हणाला. मग मी सगळी कळशी त्याच्या डोक्यावर उपडी केली. म्हणलं, एवढं पाणी तोंडावरनं वाहतंय, थोडं तर आत जाईल. त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. पाणी त्याच्या भुवयांवरनं, नाकावरनं, मिटलेल्या ओठांवरनं खाली गळालं आन् त्यानं जीभ बी बाहेर काढली न्हाय. माझा हात हँडलवरनं काढला, हळूच काढला, आन् पायडल मारलं.

हाकंच्या अंतरावर पडला. मी कळशी भरून पळाले. डोकं मांडीवर घेतलं. आता ओठ उघडे हुते. मी ओंजळीनं पाणी घातलं, ते एका कडंनं आत गेलं आन् दुसऱ्या कडंनं बाहेर आलं. पुन्यांदा घातलं. पुन्यांदा तेच. “मेलेला माणूस उठून बसंल म्हणायचास ना,” मी त्याला म्हणत हुते, “बस की उठून. बस की रे.” मागनं एक गडी सायकलवर आला, थांबला न्हाय, गेला. मग एक बैलगाडी आली. गाडीवानानं उचलू लागलं. गाडीत बी मी कळशीतलं पाणी त्याच्या अंगावर वतत राहिले. नाक्यापतोर यायच्या आत पोरगं संपलं.

नाक्यावर हार घेऊन सगळी उभी हुती. वस्ताद हुता, खाकी डगल्यात बिरदेव हुता. वस्तादानं गाडीत हात घातला, मकदूमच्या छातीला लावला आन् चरकला. सदरा चिंब ओला हुता. त्यानं हात वर करून सगळ्यांना दावला. म्हणाला, “पाणी! पाणी प्यालाय ह्यो! घामावर पाणी प्याला आन् काळजाला धरलं!” आन् तो रडायला लागला, खरंच रडायला लागला, म्होठ्यानं, पोरगं गेलं म्हणून.

मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बी भिजलेली, हातात कळशी. कुणीतरी म्हणलं, “पाणपोईवालीनं पाजलं.”

“न्हाय प्याला तो!” मी किंचाळले. “थेंब न्हाय प्याला! प्याला असता तर जगला असता! ह्येंना इचारा, माझ्या मालकाला इचारा, गेल्या साली...”

सगळे बिरदेवाकडं वळले. मी म्हणलं, आता. आता तरी. पोरगं म्होरं पडलंय. बिरदेवानं मान खाली घातली आन् पट्ट्याच्या बिल्ल्याकडं बघत उभा राहिला. लोकांना जे समजायचं ते समजले. बिचारा, बायकोपायी खाली बघायची पाळी आली, असं समजले.

मकदूमला घरी आणलं. जुलेखाबीनं आधी आरडाओरड केली न्हाय. त्याच्या पायाशी बसली, त्याच्या बोटांतली धूळ पदरानं पुसत राहिली. खोली बायकांनी भरली हुती. दारात पुरुष हुते, वस्ताद हुता, त्याच्या मागं बिरदेव. मी आत गेले तशा बायका बाजूला सरकल्या. कुणी तरी थुंकलं. जुलेखाबीनं माझा हात धरला आन् खाली बसवलं.

म्हणाली, “मायाक्का, समदे बोलतात तू पाजलंस, म्हणून मेला. तू बोलतीस, प्यालाच न्हाय. मला भांडायचं न्हाय गं. गेलं त्ये गेलं. मला एकच सांग. माझं पोरगं प्यासं तर न्हाय ना गेलं?”

खरं माझ्या जिभंवर हुतं. सालभर तेच हुतं, नळावर, बाजारात, घरात, सडकंवर, ओरडून ओरडून घसा बसला तरी तेच. आन् आता पैल्यांदा कुणीतरी मला इचारत हुतं. सगळी ऐकत हुती. मी त्या आईच्या डोळ्यांत बघितलं. ती माझ्या तोंडाकडं अशी बघत हुती, जसं माणूस ओंजळ धरून वर बघतं.

म्हणलं, “न्हाय गं. पोटभर प्याला. आधी गूळ खाल्ला, मग मागून मागून प्याला. म्हणाला, वहिनी, अजून द्या.”

जुलेखाबीनं डोळं मिटलं. “अल्ला तुझं भलं करो,” म्हणाली, आन् मग तिला रडू फुटलं. दारातनं वस्तादाचा आवाज आला, “ऐकलंत? मी म्हणतच हुतो.” बायकांत कुजबूज झाली. उद्यापासनं मल्लिकार्जुनअण्णा मला पाणपोईवर उभी करणार न्हाईत, हे मला तितंच कळलं. पुढच्या साली वस्ताद पोरांना काय सांगणार, ते बी कळलं. एक बिरदेव, न पिता जिंकलेला. एक मकदूम, पिऊन मेलेला. आता त्याचा कायदा कुणाच्या बापाला मोडायचा न्हाय, आन् त्यावर शेवटचा शिक्का माझ्याच तोंडानं बसला.

माती देऊन बिरदेव दिस मावळायच्या येळंला घरी आला. खांदा देऊन, माती वढून सदरा पाठीला चिकटला हुता. खाटंवर बसला, पट्टा काढून बाजूला ठिवला. मग हळूच म्हणाला, “बरं केलंस. तू तसं म्हणालीस ते बरं झालं. मिटलं सगळं.”

मी चुलीपाशी बसले हुते. उठले न्हाय.

तो म्हणाला, “घसा सुकलाय गं. पाणी दे.”

मी उठले. फळीवरनं चांदीचा पेला काढला, पदरानं पुसला आन् रिकामाच त्याच्या म्होरं ठिवला.

म्हणलं, “अंगावर घाम हाय. सुकू दे.”

तो पेल्याकडं बघत बसून राहिला. चैताचा उकाडा हुता, त्याचा घाम काय सुकंना.